चाळीस नंबरचा खण

आमच्या मशीनच्या मेमरीत चाळीस नंबरचा एक खण आहे. त्यात मी एकदा एक आकडा भरला आणि तो तिथे तसाच राहून गेला. त्याबद्दल लिहायचं आहे. त्यातल्या तांत्रिक गोष्टी जमतील तेवढ्या सोप्या करून सांगते. सोप्या केल्याशिवाय त्या मला स्वतःलाही कधी कळल्या नाहीत.

मी नगरला पॉलिटेक्निकला होते, इलेक्ट्रॉनिक्सला. घर नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या बाजूला, एका वस्तीवर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पप्पा सेंट्रिंगच्या कामाला जातात. स्लॅब ओतायच्या आधी खालून प्लायचा साचा बांधतात ते काम. आई रोजाने शेतात जाते आणि दारात कोंबड्या पाळते. मला काय शिकवतात ते दोघांनाही नीट सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर पप्पा म्हणायचे, "मशीनच्या डोक्याचं शिकती ती." हे वाक्य मला अजूनही बरोबर वाटतं.

पहिलं वर्ष मी बहुतेक गप्प बसून काढलं. शिकवणं इंग्रजीत चालायचं. "एनी डाऊट?" असं विचारलं की मी वहीकडे बघायचे, कारण डाऊट कुठून सुरू होतो तेच मला सांगता यायचं नाही. दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये तळहाताएवढं हिरवं बोर्ड हातात आलं. त्यावर एक चिप, आणि एक वायर कॉम्प्युटरला. त्या चिपमध्ये मॉनिटर नावाचा छोटा प्रोग्राम आधीच बसवलेला होता. मॉनिटर म्हटल्यावर मी इतके दिवस कॉम्प्युटरचा पडदा समजत होते. हा मॉनिटर वेगळा. चिप तिचं काम करत असते, आणि हा बाजूला बसून असतो. त्याला विचारलं तर तो आतल्या मेमरीत काय आहे ते सांगतो, आणि सांगितलं तर बदलतोही.

मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले खण. प्रत्येक खणाला नंबर, प्रत्येकात एकच छोटा आकडा. 'डी' टाकून खणाचा नंबर दिला की आतला आकडा दिसतो. 'एम', नंबर आणि नवा आकडा दिला की जुना जाऊन नवा बसतो. पण तो वीज असेपर्यंतच. मशीन बंद केलं की गेला. कायमचा ठेवायचा असेल तर वरून 'डब्ल्यू' द्यावा लागतो. चुकीचं काही टाकलं तर मॉनिटर एकच प्रश्नचिन्ह उमटवतो आणि पुढच्या ओळीवर जाऊन थांबतो.

ते प्रश्नचिन्ह मला आवडायचं. त्यात हसणं नव्हतं, रागावणं नव्हतं. परत विचारता यायचं. एका दुपारी मी तीस-चाळीस वेळा चुकले असेन, आणि शेवटी जेव्हा मी सांगितलेल्या खणात मी सांगितलेला आकडा दिसला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे शिकू शकते.

हे सगळं शिकवलं लॅबमधल्या सरांनी. ते प्राध्यापक नव्हते, लॅब असिस्टंट होते. रिटायरमेंटला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून वावरणारे. त्यांचा एक नियम होता.

"आधी बघायचं. मग वहीत लिहायचं. मग बदलायचं. आधी काय होतं ते न लिहिता बदलणारा माणूस माझ्या लॅबमध्ये नको."

प्रोजेक्टमधली माझी जोडीदार हळूच म्हणायची, "सर घरी पण असंच सांगत असतील. आधी वहीत लिही, मग भाजीत मीठ घाल."

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आम्ही दोघींनी अंडी उबवायचं मशीन घेतलं. कल्पना माझी होती. आईची कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली तरच पिल्लं निघतात, आणि कोंबडी आपल्या सोयीने बसत नाही. पप्पांनी सेंट्रिंगच्या उरलेल्या प्लायची पेटी करून दिली. आत दोन बल्ब, एक पंखा, उष्णता मोजणारा सेन्सर आणि वर छोटा डिस्प्ले. पेटी सदतीस पॉइंट पाच अंशांवर राहिली पाहिजे. कमी झालं की बल्ब लागतात, वाढलं की विझतात. चाळीस नंबरच्या खणात सेन्सरची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, ठेवलेली होती. सेन्सर थोडा कमी-जास्त दाखवत असेल तर तेवढा फरक तिथे भरायचा, म्हणजे मशीन तो धरून चालतं. आमचा सेन्सर चांगला होता. खणात शून्य होतं.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये आली. आमची लॅब वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. बाहेरचे परीक्षक अजून शेजारच्या खोलीत होते, आणि आमच्या डिस्प्लेवर अडतीस पॉइंट सहा दिसत होतं. बल्ब विझलेले, पंखा चालू, तरी आकडा उतरेना. खोलीच एवढी तापली होती की पेटी थंड व्हायला जागाच नव्हती.

"उघडून ठेव झाकण," जोडीदार म्हणाली.

"उघडं ठेवलं तर म्हणतील, हे काय इनक्युबेटर."

"मग ऑफसेट बदल ना! एक पॉइंट एक कमी कर. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

मी 'नको' म्हणाले नाही. ते आधी सांगून टाकते. मी कीबोर्ड जवळ ओढला. उणे आकडा मेमरीत उलटीकडून मोजून लिहितात: FF म्हणजे उणे एक, FE म्हणजे उणे दोन, असं मागे येत गेलं की उणे अकरा म्हणजे F5. आमचं मशीन अंशाच्या दहाव्या भागात मोजायचं, म्हणून एक पॉइंट एकचे अकरा. मी चाळीस नंबरच्या खणात F5 भरलं. डिस्प्लेवर लगेच सदतीस पॉइंट पाच आलं.

"डब्ल्यू पण दे," जोडीदार म्हणाली. "हे परीक्षक मशीन बंद करून परत चालू करायला लावतात."

मी डब्ल्यू दिला.

परीक्षकांनी खरंच बंद करून चालू करायला लावलं. आकडा हलला नाही. "टेंपरेचर अगदी स्टेबल आहे, गुड," असं ते म्हणाले. लॅबमधले सर मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकाने. माझे कान गरम झाले, पण तेव्हा ते मी उन्हावर ढकललं.

नंतर आम्ही चहा प्यायलो, फोटो काढले, पेटी पुठ्ठ्यात बांधली. पप्पा ओळखीचा टेम्पो घेऊन आले आणि पेटी घरी गेली. विसरले असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, मी त्या खणाकडे पुन्हा बघायचं टाळलं, आणि टाळता टाळता विसरले.

*

निकाल लागला. पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेपर्यंत मी घरीच होते. आईला पेटीची घाई झालेली. तिने स्वतःच्या कोंबड्यांची तीस अंडी जमवून ठेवली होती. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या, आम्ही देऊळच म्हणतो, पायऱ्यांवर बायका थांबतात, तिथे तिने ही गोष्ट मावशीला सांगितली.

मावशी नात्यातली नाही. आई तिला मावशी म्हणते, मी म्हणते, सगळी वस्तीच म्हणते. ती शेवगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरची एक बांडी कोंबडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, बगलेत धरून आली होती म्हणतात. त्या कोंबडीचा वाण तिने एवढी वर्षं टिकवला. आम्हा पोरांना लहानपणी ठाऊक असायचं, बांडी दिसली की ती मावशीची. पण गेल्या साली कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि तिचं खुराडं रिकामं झालं. त्या वाणाची एकच कोंबडी उरली होती. ती अंड्यावर आली, अकरा अंडी दिली, आणि बसायच्या आधीच मुंगसाने नेली.

मावशीने ती अकरा अंडी भुशात ठेवली होती. दुसरी कुणाची कोंबडी तेव्हा खुडूक नव्हती.

"दे ती अंडी हिकडं," आई म्हणाली. "माझ्या पोरीनं मशीन केलंय. कोंबडीपरास बरं."

"कोंबडीपरास?" मावशी म्हणाली. "कोंबडीला परीक्षा द्यावी लागत न्हाई, बाई. तिला आईच्या पोटातनं येतं."

"हिनं दिली परीक्षा. पास हाय."

"मंग घे. पन सांगून ठेवते, वाणाची हायेत. ही गेली तर माझ्याकडं माह्येरचं काय बी न्हाई, एक हा म्हातारा पाटा सोडला तर."

सगळ्या हसल्या. मावशी पण हसली. दुपारी तिने अंडी ओंजळीत धरून आणली, एकेक करून माझ्या हातात दिली. प्रत्येकावर तिने काजळाचा ठिपका लावला होता, आमच्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून.

मी पेटी लावली. सदतीस पॉइंट पाच. अंडी दिवसातून तीन-चार वेळा हाताने फिरवायची होती. ते आईने अंगावर घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंडी फिरवता फिरवता तिने एक उचललं, डोळे मिटले आणि पापणीला लावलं. कोंबडीखालचं अंडं ती असंच बघते. पापणीला जेवढं कळतं तेवढं बोटाला कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"ऊन लागतंय," ती म्हणाली.

"सदतीस पॉइंट पाच आहे आई. बघ ना वर."

"आसंल. पन कोंबडीखालचं आसं लागत न्हाई."

"तू आत्ताच चुलीपासून उठलीस. तुझा हात गरम असेल."

"पापनीला लावलंय, हाताला न्हाई."

मग मी तिला समजावलं. हे मशीन अंशाचा दहावा भाग मोजतं. माणसाला एवढा बारीक फरक कळत नाही. परीक्षकांनी सुद्धा बघितलं आहे. तिने ऐकून घेतलं आणि अंडं जागेवर ठेवलं. माझ्याशी किती बोलायचं हे आई स्वतः ठरवते, आणि मी कॉलेजात गेल्यापासून ती नेहमी एक वाक्य कमी बोलते. चौथ्या दिवशी तिने परत एक अंडं पापणीला लावलं. मग ठेवून दिलं.

पाचव्या दिवशी मलाच राहवेना. तिला खात्री पटावी म्हणून मी ताप मोजायचं थर्मामीटर आणलं. पेटीला हवा जायला पप्पांनी भोक पाडलं होतं, त्यातून ते आत घातलं.

एकशे एक पॉइंट चार.

"किती?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"आगं, आपल्याला एवढा आसला तर दवाखान्यात नेत्यात."

मी थर्मामीटर पुसलं, परत घातलं. परत तेच. वहीच्या मागच्या पानावर फॅरनहाइटचे सेल्सिअस केले. साडेअडतीसच्या थोडं वर. डिस्प्लेवरच्या आकड्यापेक्षा अंशभर आणि वर थोडं. एक पॉइंट एक.

अकरा.

तेवढ्यावर मला सगळं आठवलं, पत्रा, जोडीदार, डब्ल्यू. तरी मी मोबाईलला वायर लावली, कारण बघितल्याशिवाय मला मानायचं नव्हतं. डी चाळीस. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर उत्तर आलं: F5.

मॉनिटरला मी इतके प्रश्न विचारले होते, पण माझ्याच हातचं उत्तर असं समोर कधी आलं नव्हतं. दुसऱ्या कुणी भरलेला आकडा नव्हता तो. मशीन पाच दिवस इमानाने माझं ऐकत होतं. अडतीस पॉइंट सहा असलं की त्यातून एक पॉइंट एक वजा करायचं, सदतीस पॉइंट पाच दाखवायचं, आणि समाधानाने बल्ब तेवढेच ठेवायचे.

मी खणात शून्य भरलं. डिस्प्ले सदतीस पॉइंट पाचवरून एकदम अडतीस पॉइंट सहावर उडाला आणि दोन्ही बल्ब विझले. आकडा हळूहळू उतरत गेला. खरा सदतीस पॉइंट पाच यायला दहा-बारा मिनिटं लागली. मग डब्ल्यू दिला. पेटी बंद करून चालू केली, परत बघितलं. 00.

आई मोरीवर भांडी घासत होती. तिने यातलं काही बघितलं नव्हतं. मी पेटीपाशी बसून राहिले. 'सेन्सर बिघडला होता, नीट केला' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळलं नसतं, आणि पिल्लं निघाली नसती तर दोष त्या सेन्सरवर गेला असता. हे वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही बघितलं. ते अगदी खरं वाटत होतं.

मग मी मोरीवर गेले आणि आईला होतं ते सांगितलं. तिला एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती.

"म्हंजी मशीन खोटं बोलत हुतं?"

"मशीनला मी तसं सांगून ठेवलं होतं."

"कदी?"

"परीक्षेच्या दिवशी. पास व्हायला."

तिने हातातलं पातेलं धुतलं, पालथं घातलं.

"माझ्या अंड्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "मावशीला तू सांगायचं. मी न्हाई सांगनार. आन आजच."

*

मावशी ओट्यावर शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, "ये इंजिनेर. बस. निगाली का माझी पिल्लं?"

"पाचच दिवस झालेत मावशी."

"ठाव हाय. गंमत केली."

कसं सांगायचं ते मी वाटेत ठरवून आले होते, पण ते सगळं तांत्रिक होतं. ऑफसेट, सेन्सर. मावशीसमोर त्यातला एक शब्द निघेना. मी म्हणाले, "मावशी, पाच दिवस अंड्यांना जास्त ऊब लागली. माझ्यामुळे. परीक्षेत आकडा बरोबर दिसावा म्हणून मी मशीनमध्ये खोटा आकडा भरला होता, तो काढायचा राहिला. आज काढला."

तिच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

"म्हंजी तुला पास व्हायचं हुतं म्हनून माझ्या अंड्यास्नी ताप दिलास व्हय?"

"हो."

"आन तुझ्या आईला कळलं न्हाई? ती तर पापनीला लावून बघती."

"तिला कळलं होतं. मी ऐकलं नाही."

 मावशीने शेंगांचं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल," म्हणाली. "हितं बसून काय कळनार हाय?"

वाटेत ती एकदाच बोलली. "ती कोंबडी म्या बगलेत आनली तवा सासू म्हनली हुती, सून आली का कोंबडी आली." तेवढंच. मी मान खाली घालून चालत होते, म्हणून ती हसली की नाही ते मला दिसलं नाही.

पाच दिवसांच्या अंड्यात बघता येतं. मोबाईलचा टॉर्च लावायचा, पुठ्ठ्याच्या नळीवर अंडं धरायचं. जिवंत असेल तर आत बारीक लाल शिरा कोळ्यासारख्या पसरलेल्या दिसतात. खोलीचं दार-खिडकी लावून आम्ही तिघी जमिनीवर बसलो. मी काजळाच्या ठिपक्याचं एकेक अंडं धरत होते, मावशी सांगत होती.

"हे हाय... हे बी हाय... हे न्हाई. कडं धरलंय रक्ताचं. गेलं हे."

अकरापैकी दोन वांझ होती, त्यात आधीपासूनच काही नव्हतं. तीन गेलेली. सहांत शिरा होत्या. सहाव्या अंड्यात एक ठिपका हलला, तेव्हा मावशीने माझा हात मनगटाशी धरला, अंडं स्थिर राहावं म्हणून. किती जोरात धरलाय ते तिच्या लक्षात आलं नसावं.

"सहा," ती म्हणाली. "ती तीन बाजूला काढ, वास सुटंल. आन तुझा तो आकडा दाव मला. कुटं लिवलाय?"

मी मोबाईल लावून चाळीस नंबरचा खण दाखवला. मावशीला वाचता येत नाही. तिने पडदा डोळ्यांजवळ नेला.

"हे दोन गोल?"

"हो. दोन गोल म्हणजे शून्य. म्हणजे खरं."

"आन आदी काय हुतं?"

मी F5 कागदावर काढून दाखवलं. तिने ते नीट बघून घेतलं, एखाद्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा तसं.

त्या दिवसापासून मावशी रोज सकाळी यायची. दारातूनच विचारायची, "दोन गोल हायेत का?" मी वायर लावून दाखवायचे. कधी मला झोपेतून उठवून. एकदा मी म्हणाले, "मावशी, कायमचं केलंय, आता बदलत नाही ते." ती म्हणाली, "पहिलं बी कायमचंच केलं हुतंस ना?" त्यानंतर मी रोज दाखवत गेले. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. रोज विचारलं जाणं, आणि रोज तेच उत्तर देता येणं.

आठवडाभराने मी लॅबमधल्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मी तिथेच मागे उभा होतो की. मलाही कळलं नाही." मग म्हणाले, "वहीत लिहिलं होतंस?"

"नाही सर."

"आता लिही. काय होतं, काय केलं, का केलं. तारीख घालून."

मी लिहिलं. मार्कांचं काय करायचं ते मी विचारलं, तर ते म्हणाले, त्यांनाही माहीत नाही. मला अजूनही माहीत नाही. ते मार्क माझ्या मार्कलिस्टवर आहेत आणि त्यांच्यावर मला पुढे प्रवेश मिळाला आहे.

*

विसाव्या दिवशी सकाळी पेटीतून चिवचिव ऐकू आली. एक दिवस लवकर. जास्त ऊब लागली की अशी घाई होते. आमच्या तिसांतून तेरा पिल्लं निघाली. आईने ती दोनदा मोजली. काजळाच्या सहांतून चार निघाली. दोन अंड्यांना आतून टोच पडली, पण पिल्लांना बाहेर पडता आलं नाही. मावशीने त्यांना हात लावू दिला नाही. "वढून काढलेलं जगत न्हाई," म्हणाली. ती दोन्ही दुपारपर्यंत गप्प झाली.

चारांतलं एक दुसऱ्या दिवशी गेलं. तीन राहिली. दोन तपकिरी आणि एक काळं-पिवळं, ज्याला पुढे ठिपके येणार असं मावशी म्हणाली. तिने ती टोपलीत घालून नेली. जाताना मी विचारलं, "मावशी, वाण राहिला ना मग?"

"आत्ताच कुटं? मादी निगाली, तलंग झाली, तर राहिला. तिन्ही कोंबडे निगाले तर त्यास्नी खाऊन मोकळं व्हायचं." मग मलाच धीर द्यावा तसं म्हणाली, "दोन म्हयने कळत न्हाई. तुरा वाढला की कोंबडा."

ते दोन महिने मला फार लांब गेले. मध्ये एक तपकिरी पिल्लू घारीने नेलं. दुसऱ्या तपकिरीचा तुरा लवकरच लाल व्हायला लागला, हे आईने फोनवर सांगितलं. तोवर मी नगरला नव्या कॉलेजात आले होते. राहिलं ते ठिपक्यांचं. रविवारी आईशी बोलताना मी इकडचं तिकडचं विचारायचे आणि शेवटी त्याचं विचारायचे. आई म्हणायची, "मावशी सांगत न्हाई. बघू बी देत न्हाई. टोपली उचलून आत नेती."

एका दुपारी दोन तासांच्या मध्ये, जिन्यात असताना फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. मावशीने शेजारच्या कुणाच्या तरी मोबाईलवरून लावला होता, आणि ती फोनवर शेताच्या पलीकडे हाक मारल्यासारखी बोलते.

"इंजिनेर! कामात हायेस का?"

"नाही मावशी, बोल."

"तुरा न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी! तुरा वाढंना, मान बारीक, श्येपूट आखूड. तलंग हाय. बांडी तलंग."

"नक्की ना?"

"आता हे तू मला इचारतीस?" ती म्हणाली, आणि मग खरंच हसली, एवढं मला फोनवरही कळलं. "आईला सांगू नको. म्या चाललीच हाय तिकडं, माझ्या तोंडानं सांगनार."

"नाही सांगत."

"आन आईक. ती अंड्यावर आली की पैली अंडी तुझ्या मशीनला द्यायची न्हाईत. आताच सांगते, मागनं वाईट वाटाया नको. बसली तर तिच्याखालीच ठेवीन."

"बरं मावशी."

"दुसऱ्या येळंला बघू."

फोन बंद झाला. मी जिन्याच्या कठड्याला टेकून तिथेच थोडा वेळ उभी राहिले. खालून मुलं चढत होती, मला बाजूला व्हायला सांगत होती. वर्गात पोहोचले तेव्हा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. सरांनी विचारलं, "व्हाय लेट?" मी खरं कारण सांगायला तोंड उघडलं, पण इंग्रजीत तलंगेला काय म्हणतात ते मला आठवेना. 'सॉरी सर' म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.